यील्ड कमी आला, तर माल गेला कुठे?

ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलमधून सकाळच्या शिफ्टला रबाळे, घणसोली, कोपरखैरण्याला उतरणारी पोरं बघितली की नवी कोण ते लगेच कळतं. पाठीला सॅक, पायात अजून न मुरलेले सेफ्टी शूज आणि चेहऱ्यावर कॉलेजातलं केमिस्ट्री इथे चालेल का ही धाकधूक. पहिल्या दोन-तीन महिन्यांत यातल्या प्रत्येकावर एक सकाळ येतेच. कागदावर १२५ किलो, काट्यावर १०८. शिफ्ट इन्चार्ज विचारतो, "बाकीचा कुठाय?" आणि पोरगा म्हणतो, "सर, यील्ड कमी आला."

हे उत्तर नाही. त्याने प्रश्नच पुन्हा सांगितला. १७ किलो माल हवेत विरत नाही. तो कुठल्या तरी ड्रममध्ये, पाइपमध्ये, कापडात, दुसऱ्याच एखाद्या रेणूच्या रूपात किंवा मुळात तुमच्या चुकलेल्या गणितात बसलेला असतो. या पट्ट्यात इंटरमीजिएट, म्हणजे औषधं वगैरे बनवताना मध्ये लागणारी रसायनं, बनवणाऱ्या कारखान्यांत वीसेक वर्षं काढल्यावर मी नव्यांना एकच सांगतो: कारण सांगू नका, पत्ता सांगा. तो पत्ता कोणत्या क्रमाने शोधायचा, ते खाली लिहितो. कॉलेजच्या प्रॅक्टिकललाही हाच क्रम चालतो, फक्त किलोच्या जागी ग्रॅम.

पहिली पायरी: आधी कागद तपासा

यील्डचं सूत्र एका ओळीचं आहे. हातात आलेला माल भागिले हिशोबाने यायला हवा होता तो माल, गुणिले शंभर. सगळे वरच्या आकड्याच्या मागे लागतात. तुम्ही खालचा आकडा आधी बघा. चूक तिथे असेल तर ती खुर्चीत बसून सापडते, हातमोजे घालावे लागत नाहीत.

सगळ्यांनी केलेलं अ‍ॅस्पिरिन घेऊ. २.०० ग्रॅम सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि ५ मिली अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड. सॅलिसिलिकचा रेणुभार १३८.१२, म्हणजे ०.०१४५ मोल. अ‍ॅनहायड्राइडची घनता १.०८, म्हणून ५ मिली म्हणजे ५.४ ग्रॅम, रेणुभार १०२.०९, म्हणजे ०.०५३ मोल. अभिक्रियेत दोघं एकास एक लागतात, तेव्हा आधी संपणार सॅलिसिलिक. तेच लिमिटिंग. अ‍ॅस्पिरिनचा रेणुभार १८०.१६, म्हणून जास्तीत जास्त २.६१ ग्रॅम मिळणार. पुरणाचे गोळे दहा असतील तर कणीक परातभर मळली तरी पोळ्या दहाच होतात.

आता समजा १.९० ग्रॅम माल आला. यील्ड ७३ टक्के. पण कुणी घाईत अ‍ॅनहायड्राइडवरून गणित केलं, तर खाली ९.५ ग्रॅम येतात आणि तोच माल २० टक्के दिसतो. हे हास्यास्पद वाटतं, पण मी हे बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे बॅचची कृती आणि नोंदी असलेल्या कागदात, प्रत्यक्ष पाहिलं आहे. (अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड नियंत्रित पदार्थांत मोडतं. त्याची नोंदवही वेगळी असते आणि आवक-जावक जुळावी लागते. तेव्हा 'साधारण पाच मिली' ही भाषा पहिल्या दिवसापासून सोडा.)

मग शुद्धता बघा. ड्रमवर ९८ टक्के लिहिलं असेल तर २ ग्रॅममध्ये तुमचा पदार्थ १.९६ ग्रॅमच आहे, आणि हिशोब २.६१ वरून २.५६ वर उतरतो. पदार्थात स्फटिकजल असेल तर फरक आणखी मोठा. कॉपर सल्फेटचे निळे खडे १०० ग्रॅम घेतलेत तर त्यात निर्जल कॉपर सल्फेट ६४ ग्रॅमच असतं, बाकी पाणी. लेबलवरचा रेणुभार कुठल्या रूपाचा आहे, हे वाचल्याशिवाय वजन करू नका.

जुना ड्रम हा वेगळा विषय. बेंझाल्डिहाइडची बाटली बरेच दिवस अर्धी भरलेली राहिली की झाकणापाशी पांढरे स्फटिक दिसू लागतात. ते बेंझोइक अ‍ॅसिड, हवेतल्या ऑक्सिजनची करणी. अ‍ॅनिलिन तपकिरी होतं. असा माल वजनाला पुरेपूर भरतो, पण अभिक्रियेला अपुरा पडतो. शेवटच्या शिपमेंटचा अ‍ॅसे, म्हणजे तपासलेली शुद्धता, बघून समाधान मानू नका, चार्ज करण्याच्या दिवशीचा अ‍ॅसे मागा. क्यू.सी.वाले, म्हणजे गुणवत्ता तपासणारे, कुरकुर करतील. करू देत.

आणि द्रव पदार्थ शक्यतो वजनावर घ्या. टोल्युइनसारखा सॉल्व्हंट दर अंशाला हजारात एक भाग या हिशोबाने फुगतो. जानेवारीच्या पहाटेचे १००० लिटर आणि मेच्या दुपारचे १००० लिटर यांत दीडेक टक्क्याचा फरक सहज पडतो. सॉल्व्हंटला तो चालतो. लिमिटिंग कच्चा माल द्रव असेल तर चालत नाही.

दुसरी पायरी: ओल्या वजनावर विश्वास ठेवू नका

माझ्या पहिल्या नोकरीत, दुसऱ्याच आठवड्यात, माझा लॅब यील्ड १०४ टक्के आला होता. मी छाती फुगवून सरांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, लाव्हाझिएला खोटा पाडलास की काय? जा, वाळवून आण." (लाव्हाझिए म्हणजे अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही हे दाखवणारा फ्रेंच केमिस्ट.) दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माल ८१ टक्के भरला. तेवीस टक्के नुसतं पाणी आणि मेथनॉल होतं.

यील्ड शंभरावर गेला तर आनंद नको, भीती वाटली पाहिजे. त्यात ओल आहे, सॉल्व्हंट आहे, धुऊन न निघालेलं मीठ आहे किंवा काटा चुकतोय. आणि जो यील्ड ९२ टक्के दिसतो त्यातही हेच असू शकतं, फक्त तिथे कुणी शंका घेत नाही.

कारखान्यातला हिशोब असा मांडा. समजा कागदावर १२५ किलो अपेक्षित आहे. सेंट्रिफ्यूजमधून वेट केक, म्हणजे ओला माल, निघाला १४० किलो, १२५ च्या ११२ टक्के. एल.ओ.डी., म्हणजे वाळवल्यावर होणारी घट, २० टक्के. म्हणजे कोरडा माल ११२ किलो, ८९.६ टक्के. त्याची शुद्धता ९७ टक्के, म्हणजे खरा पदार्थ १०८.६ किलो, आणि यील्ड ८६.९ टक्के. एकाच बॅचचे तीन आकडे झाले: ११२, ८९.६ आणि ८६.९ टक्के. तुम्ही कुठला सांगताय, हे सांगितलंत तरच आकड्याला अर्थ आहे.

लॅबमध्ये माल ओव्हनमध्ये ठेवा, थंड करा, वजन करा. पुन्हा तासभर ठेवा, पुन्हा वजन करा. लागोपाठ दोन वजनं जुळेपर्यंत वहीत यील्ड लिहू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की ड्रायरमधून काढून टेबलावर उघडा ठेवलेला माल चहा पिऊन येईपर्यंत ओल धरतो. सॅम्पल थेट पिशवीत घ्या आणि तोंड बांधा.

तिसरी पायरी: एका आकड्याचे तीन आकडे करा

नव्यांना बहुतेक कुणी न शिकवलेली गोष्ट ही. यील्ड हा मुळात तीन आकड्यांचा गुणाकार असतो. कच्च्या मालातला किती भाग अभिक्रियेत गेला, ते कन्व्हर्जन. गेलेल्यापैकी किती तुम्हाला हव्या त्या पदार्थात बदलला, ती सिलेक्टिव्हिटी. आणि तयार झालेल्यापैकी किती तुम्ही बाहेर काढू शकलात, ती रिकव्हरी.

समजा कन्व्हर्जन ९५, सिलेक्टिव्हिटी ९० आणि रिकव्हरी ९०. तिन्ही आकडे ऐकायला छान. गुणाकार करा: ७७ टक्के. कुणीही मोठी चूक केलेली नाही आणि जवळजवळ पाव माल गायब आहे. म्हणूनच 'कुणाची चूक?' हा प्रश्न बऱ्याचदा वाया जातो. तीनपैकी कुठला आकडा पडला, एवढंच विचारायचं असतं, आणि त्यासाठी वर्कअप, म्हणजे माल वेगळा काढणं-धुणं, सुरू करायच्या आधी रिअ‍ॅक्शन मासचं, म्हणजे भांड्यातल्या मिश्रणाचं, सॅम्पल घेतलेलं असावं लागतं. ते नसेल तर नंतर कितीही बैठका घ्या, सगळे अंदाज.

चौथी पायरी: अभिक्रिया पुरी झाली होती का?

लॅबमध्ये टी.एल.सी. लावा, म्हणजे पट्टीवर मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत वेगळे करा: एका रेषेवर कच्चा माल, दुसरीवर रिअ‍ॅक्शन मास आणि मध्ये दोन्हींचा एकत्र ठिपका. कच्च्या मालाचा ठिपका दिसतोय म्हणजे तो शिल्लक आहे. प्लँटमध्ये हेच काम एच.पी.एल.सी. किंवा जी.सी. ही घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं करतात. बॅच रेकॉर्डमध्ये 'सहा तास ठेवा' लिहिलंय म्हणून सहा तासांनी थांबू नका. सॅम्पल काय म्हणतंय ते बघा. कॅटलिस्ट जुना असेल, घन पदार्थ तळाशी बसला असेल, ढवळणी नीट नसेल तर सहाचे आठ होतात.

पण काही अभिक्रिया कितीही वेळ दिला तरी पुऱ्या होत नाहीत, आणि इथे नवा माणूस हमखास फसतो. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि इथेनॉलपासून इथाइल अ‍ॅसिटेट होतं, सोबत पाणी. जितकं एस्टर तयार होतं तितकं ते पाण्याशी परत फिरायलाही लागतं. या समतोलाचा स्थिरांक साधारण ४ आहे. दोन्ही एकेक मोल घेतलेत तर गणिताने दोन तृतीयांश एस्टर होतं आणि गाडी थांबते. रात्रभर रिफ्लक्सवर (वाफ थंड करून परत पाडत) उकळा, आठवडाभर करा, ६७ टक्केच. बर्तलो आणि त्यांच्या सहकाऱ्याने १८६२ च्या सुमारास हे मोजून ठेवलंय, तेव्हा आपण नव्याने निराश व्हायचं कारण नाही.

अशा वेळी वेळ वाढवू नका, तराजू कलता करा. एक उपाय म्हणजे स्वस्त घटक जास्त घालणं. इथेनॉल तिप्पट घेतलं तर तोच स्थिरांक ठेवून कन्व्हर्जन ९० टक्क्यांवर जातं. दुसरा उपाय म्हणजे तयार होणारं पाणी काढत राहणं. ब्युटाइल अ‍ॅसिटेटसारख्या एस्टरला डीन-स्टार्क हे काचेचं उपकरण लावतात: बाष्पासोबत पाणी वर येतं, थंड होऊन नळीत खाली बसतं आणि सेंद्रिय थर परत फ्लास्कमध्ये ओघळतो. याचा दुसरा फायदा मला जास्त आवडतो. पाणी मोजता येतं. अर्ध्या मोलच्या बॅचला ९ मिली पाणी यायला हवं. नळीत ७ दिसतंय तर यंत्राविना कळलं की काम अजून बाकी आहे. (आम्लात आधीच पाणी असेल तर ते नळीतल्या आकड्यातून वजा करा. इथेही पहिली पायरी आठवा.)

पाचवी पायरी: भलतंच काही तयार झालं का?

रेणूला तुमचा बॅच रेकॉर्ड वाचता येत नाही. त्याला जिथे वाट मिळते तिथे तो जातो.

टोल्युइनचं नायट्रेशन करा. नायट्रो गट वलयावर ऑर्थो, मेटा किंवा पॅरा जागी बसू शकतो. तुम्हाला पॅरा हवाय, पण नेहमीच्या मिश्र आम्लाने साधारण ६० टक्के ऑर्थो होतं, पॅरा ३५ ते ४० च्या मध्ये आणि थोडं मेटा. अभिक्रिया पुरी झाली, काही सांडलं नाही, तरी हव्या मालाचा यील्ड चाळिशीच्या आत. हा तोटा कष्टाने भरून निघत नाही. त्यासाठी रसायनच बदलावं लागतं, नाहीतर ऑर्थोला गिऱ्हाईक शोधावं लागतं. नायट्रोटोल्युइन बनवणारे दुसरं करतात.

तापमान हा इथला मोठा खलनायक. मुख्य अभिक्रियेपेक्षा उपअभिक्रियेला जास्त ऊर्जा लागत असेल, तर तापमान चढलं की उपअभिक्रिया अधिक वेगाने वाढते. लॅबच्या २५० मिलीच्या फ्लास्कला बर्फ लावला की तो पटकन थंड होतो. ३००० लिटरच्या रिअ‍ॅक्टरला तसं जमत नाही, कारण भांडं दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद केलं तर आतला माल आठपट होतो आणि थंड करणारा पृष्ठभाग फक्त चौपट. लॅबमध्ये वीस मिनिटांत घातलेलं रिएजंट प्लँटमध्ये चार तास घालावं लागतं ते यामुळे. आता एक इशारा, आणि हा यील्डपेक्षा महत्त्वाचा आहे. यील्ड वाढेल म्हणून परस्पर तापमान खाली नेऊन रिएजंट ओतत राहू नका. थंडीत अभिक्रिया सुरूच होत नाही, रिएजंट साचत जातं, आणि मग एकदम पेटली की भोवतीच्या जॅकेटमधलं थंड खारं पाणी (ब्राइन) काहीही करू शकत नाही. नायट्रेशनमध्ये तर हे कधीच नाही. बॅच रेकॉर्डमधली तापमानाची खालची मर्यादा वरच्या मर्यादेइतकीच गंभीर असते.

आता ओल. ग्रिनयार्ड रिएजंट, म्हणजे पाण्याशी लगेच भिडणारी मॅग्नेशियमची सेंद्रिय संयुगं, बनवणाऱ्यांना पावसाळा म्हणजे काय ते विचारा. फिनाइल मॅग्नेशियम ब्रोमाइडचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूने मरतो आणि त्याचं बेंझिन होतं. पाण्याचा रेणुभार १८, याचा १८१. म्हणजे १ ग्रॅम पाणी दहा ग्रॅम रिएजंट खातं. एक ग्रॅम पाणी म्हणजे नीट न वाळवलेल्या फ्लास्कच्या भिंतीवरची वाफ आणि सॉल्व्हंटमधली उरलीसुरली ओल. मी एका जुलैत सलग तीन बॅचेस घालवल्या. तिन्ही वेळा मॅग्नेशियमला दोष दिला, ते घासलं, आयोडीनचा खडा टाकला. शेवटी सॉल्व्हंटची कार्ल फिशर, म्हणजे पाणी मोजणारी चाचणी, केली तेव्हा कळलं की ड्रम दोन दिवस अर्धवट उघडा होता. त्या दिवसापासून पावसाळ्यात मी आधी पाणी मोजतो, मग बाकीचं.

सहावी पायरी: वर्कअपमध्ये काय वाहून गेलं?

माझ्या अनुभवात नव्यांचा सर्वांत जास्त माल इथे जातो. अभिक्रिया उत्तम झालेली असते, टी.एल.सी. स्वच्छ असते आणि मग आपण स्वतःच्या हाताने माल धुऊन टाकतो.

अ‍ॅस्पिरिनच घ्या. २५ अंशांना १ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन विरघळायला ३०० मिली पाणी लागतं. ३७ अंशांना १०० मिली पुरतं. आता मे महिन्यातली ठाण्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा, गच्चीवरच्या टाकीतून नळाला आलेलं कोमट पाणी. त्या पाण्याने ६० मिलीत केक निवांत धुतला आणि पाणी पूर्ण संपृक्त झालं, तर तुमच्या २.६१ पैकी ०.६ ग्रॅमपर्यंत माल खाली गेला. तेच पाणी २५ अंशांचं असतं तर ०.२, आणि बर्फाचं असतं तर त्याहून कमी. लिहिलेलं असतं 'थंड पाण्याने धुवा' आणि पोरं नळ सोडतात. थंड म्हणजे बर्फात ठेवलेलं. थोडं थोडं. दोनदा.

स्फटिकीकरणातही तेच. जितकं सॉल्व्हंट जास्त, तितका माल त्यातच राहणार. माल जेमतेम विरघळेल इतकंच गरम सॉल्व्हंट घ्या, मग सावकाश थंड होऊ द्या. घाईत बर्फात बुडवलंत तर बारीक भुकटी पडते, तिच्यात मदर लिकर, म्हणजे स्फटिक पडल्यावर उरलेलं द्रावण, अडकतं, मग जास्त धुवावं लागतं आणि धुताना माल जातो. मदर लिकर आटवून, थंड करून दुसरा क्रॉप, म्हणजे स्फटिकांचा दुसरा हप्ता, काढता येतो, पण तो पहिल्यात मिसळू नका. अशुद्धी मदर लिकरमध्ये गोळा झालेली असते आणि दुसऱ्या क्रॉपबरोबर ती परत येते. वेगळा तपासा, मग ठरवा.

एक्स्ट्रॅक्शनचं गणित एकदा हाताने करून बघाच, त्याशिवाय ते मनात बसत नाही. समजा तुमचा पदार्थ पाण्यापेक्षा सॉल्व्हंटमध्ये चौपट राहतो, म्हणजे वाटप गुणांक ४. पाण्याचा थर १०० मिली. १०० मिली सॉल्व्हंटने एकदाच काढलंत तर पाण्यात २० टक्के उरतो. त्याच १०० चे ५०-५० करून दोनदा काढलंत तर ११ टक्के. तीन वेळा ३३ मिलीने काढलंत तर ८ टक्क्यांच्या आत. सॉल्व्हंटचा एक थेंबही जास्त न वापरता बारा टक्के माल परत मिळाला. तरीही लोक 'एकदाच भरपूर घालू' म्हणतात, कारण सेपरेटिंग फनेल तीनदा हलवायचा कंटाळा.

आणि दोन थरांतला कुठला कुठे जातोय हे खात्री होईपर्यंत कुठलाही थर फेकू नका. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट असेल तर तो खाली बसतो, टोल्युइन वर तरंगतं. शंका आली तर वरून पाण्याचे चार थेंब सोडा आणि कुठल्या थरात मिसळतात ते बघा. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. नवा केमिस्ट आला की ते त्याला पहिल्या दिवशी ड्रेनच्या व्हॉल्व्हपाशी नेऊन म्हणायचे, "साहेब, हा उघडायच्या आधी मला हाक मारा." मामांचं शिक्षण आठवीपर्यंत. त्यांनी वाचवलेला माल कुणी मोजला नाही.

सातवी पायरी: भांड्याला काय चिकटलं?

यावर फार लिहिण्यासारखं नाही. फिल्टर पेपर, फनेल, स्पॅच्युला, बीकरच्या भिंती. प्लँटमध्ये पाइपची वळणं, पंपाचं पोट, सेंट्रिफ्यूजची पिशवी, रिअ‍ॅक्टरचा तळ. ही घट साधारण ठरावीक असते, त्यामुळे लहान बॅचला ती जास्त टोचते. ०.१ ग्रॅम चिकटला तर २.६ मध्ये तो जवळजवळ ४ टक्के, १०० ग्रॅममध्ये दखलही घेऊ नये इतका. म्हणून कॉलेजच्या छोट्या प्रयोगात ७० टक्क्यांना वाईट वाटून घेऊ नका. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं जितकं कमी, तितकं बरं. तूप कढवल्यावर आपण पातेल्याला लागलेल्या बेरीत गरम भात कालवतो ना, तसं भांडं त्याच सॉल्व्हंटने खळबळून पुढच्या टप्प्यात घ्या.

आठवी पायरी: ताळेबंद मांडा

आता सगळे पत्ते एका कागदावर आणायचे. याला प्लँटमध्ये मटेरियल बॅलन्स म्हणतात. दुसऱ्या पायरीतलीच बॅच घेऊ, आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. अपेक्षित १२५ किलो.

वाळलेल्या मालातला खरा पदार्थ १०८.६ किलो. मदर लिकर ९०० लिटर, क्यू.सी.ने सांगितलं लिटरला ८ ग्रॅम, म्हणजे ७.२ किलो. धुण्याचं पाणी ३०० लिटर, लिटरला ५ ग्रॅम, दीड किलो. न बदललेला कच्चा माल २ टक्के, म्हणजे मालाच्या भाषेत २.५ किलो. उपपदार्थ ३ टक्के, ३.७५ किलो. रिअ‍ॅक्टर आणि पाइप धुऊन आलेलं ०.६. बेरीज १२४.१५. हिशोब न लागलेला भाग १ टक्क्याहून कमी.

आता बघा, सकाळी "बाकीचा कुठाय?" विचारणाऱ्या इन्चार्जला द्यायला तुमच्याकडे काय आहे. सर्वांत मोठा पत्ता मदर लिकर, ७.२ किलो. तिथे दुसरा क्रॉप किंवा सॉल्व्हंट कमी करणं याला अर्थ आहे. पाइपमधल्या ०.६ साठी नायट्रोजनने लाइन फुंकायची चर्चा तासभर करायला अर्थ नाही. बेरीज मात्र १२५ च्या बरीच अलीकडे थांबली, समजा ११५ ला, तर एखादा पत्ता तुम्ही तपासलेलाच नाही: डिस्टिलेटमध्ये उडून गेलेला माल, टारमध्ये अडकलेला, जी.सी.ला न दिसणारा जड उपपदार्थ, किंवा पुन्हा पहिली पायरी, कच्च्या मालाचं वजन. काट्याचं कॅलिब्रेशन स्टिकर बघून घ्या. ड्रमचं रिकामं वजन खरंच केलं होतं की गेल्या महिन्याचं लिहिलं, हेही विचारा, पण चारचौघांत नको.

जो पदार्थ मालात येत नाही तो शेवटी ई.टी.पी.त, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणात, जातो, तिथे सी.ओ.डी. (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढवतो, आणि तिथून पुढे सामायिक प्रक्रिया केंद्राकडे. पलीकडे ठाण्याची खाडी आहे, २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य. यील्डच्या बैठकीत ई.टी.पी.च्या माणसाला बोलवायची पद्धत आपल्याकडे नाही. बोलवा. बऱ्याचदा मालाचा पत्ता त्याला आधी ठाऊक असतो.

एका टप्प्याचं झालं, पाच टप्प्यांचं काय?

औषधाचे रेणू क्वचितच एका टप्प्यात होतात. दर टप्प्याला ९० टक्के यील्ड म्हणजे उत्तम काम. पाच टप्पे झाले की उरतात ५९. दर टप्प्याला ८० आला तर ३३. म्हणून शेवटच्या टप्प्यातला एक किलो वाया गेला की त्याच्यामागे पहिल्या टप्प्यातला कितीतरी कच्चा माल, सॉल्व्हंट आणि मनुष्यतास गेलेले असतात. शेवटच्या टप्प्यावर जुन्या जाणत्या माणसाला उभं करतात ते उगाच नाही.

यावरचा खरा उपाय टप्पे कमी करणं. ट्रोपिनोन या रेणूची गोष्ट केमिस्ट लोक आवडीने सांगतात. विलस्टेटर यांनी १९०१ मध्ये तो अनेक टप्प्यांनी केला, एकूण यील्ड एका टक्क्याच्याही आत. १९१७ मध्ये रॉबिन्सन यांनी तीन साधे पदार्थ एकाच भांड्यात एकत्र करून तोच रेणू १७ टक्क्यांनी मिळवला, आणि पुढे परिस्थिती सुधारत तो ९० च्या वर गेला. आयबुप्रोफेनचंही तसंच: जुनी पद्धत सहा टप्प्यांची, नंतरची तीन टप्प्यांची. जुन्या पद्धतीत वापरलेल्या अणूंपैकी साधारण ४० टक्केच औषधात पोचायचे, नव्या पद्धतीत ७७. ध्यानात घ्या, हा यील्ड नाही. याला अ‍ॅटम इकॉनॉमी म्हणतात. ही कल्पना बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडली. प्रत्येक टप्प्याचा यील्ड शंभर टक्के आला तरी उरलेले अणू कचऱ्यातच जातात. हे मात्र शिफ्टमधल्या केमिस्टच्या हातात नसतं, प्रोसेस ठरवणाऱ्यांच्या हातात असतं.

तुमच्या हातात काय असतं, ते सांगतो. उद्या शिफ्टला गेल्यावर वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा: चार्ज केलेलं वजन आणि त्या दिवसाचा अ‍ॅसे, वर्कअपआधीचं सॅम्पल, मदर लिकरचं लिटर आणि त्यातला माल, धुण्याच्या पाण्याचं तापमान, वाळलेला माल आणि त्याची शुद्धता. दहा बॅचेस झाल्या की तुमचा कारखाना कुठे गळतो ते तुम्हाला दिसू लागेल. आणि मदर लिकरच्या ड्रमवर बॅच नंबर, तारीख लिहून ठेवा, क्यू.सी.चा रिझल्ट हातात पडेपर्यंत तो व्हॉल्व्ह कुणालाही उघडू देऊ नका.